ब्लोअर वेगळा, बोनेटमधला पंखा वेगळा

‘एसीचा पंखा गेला’ एवढंच सांगून गाडी गॅरेजला लावू नका. पंखे दोन असतात, आणि दोघांची दुखणी वेगळी.

बोनेट उघडल्यावर रेडिएटरला लागून दिसतो तो सगळ्यांच्या ओळखीचा. कंडेन्सर म्हणजे रेडिएटरसमोरची एसीची जाळी. तिच्यातून हवा ओढून हा पंखा गॅसची उष्णता बाहेर टाकतो. ब्लोअर बोनेटमध्ये नसतोच. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागं, डाव्या सीटवरच्या माणसाच्या पायांच्या वर असतो. गोल पिंजऱ्यासारखा. तो हवा फक्त ढकलतो. गार करायचं काम इव्हॅपोरेटरचं, म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेल्या एसीच्या गार जाळीचं.

खरी गफलत ‘गाडी गार होत नाही’ या वाक्यात आहे. हवाच कमी येते, की हवा भरपूर येते पण कोमट? आधी डॅशबोर्डवरच्या हवेच्या जाळीसमोर हात धरून बघा. नॉब शेवटच्या आकड्यावर असूनही हाताला जेमतेम झुळूक लागत असेल, पण ती गार असेल, तर गॅसला हात लावू देऊ नका. केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारा फिल्टर, तुंबलाय किंवा ब्लोअर थकलाय. हवा जोरात, पण रेल्वे फाटकावर थांबलं की कोमट आणि गाडी पळायला लागली की पुन्हा गार, तर बोनेटमधला पंखा तपासा. पळताना त्याचं काम वारा करतो, म्हणून दोष झाकला जातो. उभं असताना, पळताना, कायमच कोमट असेल तर मग गॅसचं बघा.

गॅसवरून माझं डोकं फिरतं. तो पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झालाय म्हणजे कुठंतरी गळतोय. गळती न शोधता दर उन्हाळ्यात गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. माझ्या मावसभावानं मे महिन्यात, परभणीत पारा ४२ वर असताना, गॅसचे पैसे मोजले. हवा तेवढीच. घरी ग्लोव्ह बॉक्स उतरवून फिल्टर ओढला, तर फुफाटा आणि कडुलिंबाचा पाला. गाडी रोज लिंबाखालीच उभी असायची. काचेखालच्या जाळीतून पाला आत जातो.

आपल्याकडच्या धुळीत फिल्टर दर तीन-चार महिन्यांनी काढून बघावाच. कागदी फिल्टर पाण्यानं धुऊ नका, झटका. काळा पडला असेल तर नवा टाका. फिल्टर न लावता गाडी चालवणं तर मला अजिबात पटत नाही, सगळी घाण इव्हॅपोरेटरवर बसते. ब्लोअरमधून खडखड येत असेल आणि स्पीडबरोबर वाढत असेल तर पिंजऱ्यात पाला किंवा काडी अडकलीय. नॉबवाल्या गाडीत फक्त शेवटचाच स्पीड चालत असेल तर मोटर ठीक आहे, रेझिस्टर, म्हणजे ब्लोअरचा स्पीड कमी करणारा भाग, गेलाय. शेवटचा स्पीड रेझिस्टरमधून जात नाही, म्हणून तेवढा चालतो. त्यासाठी अख्खा ब्लोअर बदलू देऊ नका.

कंडेन्सरवर कापसाचा भुगा बसतो, जिनिंगच्या रस्त्यानं जाणाऱ्यांच्या तर हमखास. हलक्या धारेनं धुवा. जोराच्या फवाऱ्यानं पत्र्या वाकतात. आणि हात घालण्याआधी चावी काढून इंजिन थंड होऊ द्या, काही गाड्यांत बोनेटमधला पंखा इंजिन बंद केल्यावरही अचानक फिरतो.