वेक-ऑन-लॅन

वेक-ऑन-लॅन म्हणजे शटडाऊन केलेला किंवा स्लीपमध्ये असलेला संगणक नेटवर्कवरून एक ठरावीक संदेश पाठवून चालू करण्याची सोय. सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकानात टॅलीचा संगणक असतो आणि हिशेब बघणारा मुलगा पुण्याला असतो. विश्रामबागच्या कर सल्लागाराला ३१ जुलैच्या तोंडावर रात्री अकराला घरून ऑफिसातली फाइल लागते. कुणाला तरी बटण दाबायला धाडण्यापेक्षा ही सोय केव्हाही बरी. पण ती चालेनाशी झाली की दोष नेमका कुठे आहे हे बाहेरून कळत नाही. या नोंदीत म्हणूनच बिघाड शोधण्याला जास्त जागा दिली आहे.

संगणक जागा करणाऱ्या संदेशाला मॅजिक पॅकेट म्हणतात. ही कल्पना एएमडी आणि ह्युलेट-पॅकार्ड यांची, १९९५ च्या सुमारासची. पुढे इंटेल आणि आयबीएम यांनी ती वेक-ऑन-लॅन या नावाने रुळवली. पॅकेटची रचना अगदी साधी आहे. सुरुवातीला एफएफ ही एका बाइटची किंमत सलग ६ वेळा आणि मागोमाग, जो संगणक उठवायचा त्याच्या लॅन कार्डाचा (नेटवर्कशी जोडणाऱ्या भागाचा) ६ बाइटचा मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा स्वतःचा ओळख-क्रमांक, १६ वेळा, असे एकूण १०२ बाइट. संगणक बंद असला की त्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कने चालू संगणकाला दिलेला क्रमांक, जागेवर नसतो, त्यामुळे पॅकेट साऱ्या नेटवर्कला उद्देशून सोडले जाते. बहुधा यूडीपी या संदेश पाठवण्याच्या पद्धतीच्या ७ किंवा ९ क्रमांकाच्या पोर्टवर (संदेश आत घेणाऱ्या दारावर) ते जाते. प्रत्येक कार्ड ते ऐकते, आपला पत्ता ओळखणारे एकच उठते.

हे जमते, कारण शटडाऊन केलेला संगणक पुरता बंद नसतो. एटीएक्स पॉवर सप्लायमधून ५ व्होल्टची स्टँडबाय वीज मदरबोर्डला मिळत राहते आणि तिच्या जोरावर लॅन कार्ड कान देऊन बसते. म्हणून तपासणी सॉफ्टवेअरपासून नको, कॅबिनेटच्या मागून सुरू करावी. संगणक बंद करून लॅन केबलच्या खोबणीपाशी वाकून पाहा. तिथला हिरवा किंवा पिवळा दिवा लागलेला किंवा लुकलुकत असेल तर कार्ड जागे आहे. दिवा विझला असेल तर बहुतेक वेळा कार्डाला वीजच नाही, आणि मग मोबाइलवरच्या ॲपमधून कितीही पॅकेटे सोडली तरी उपयोग नाही.

आपल्याकडे दिवा विझण्याचे पहिले कारण तांत्रिक नसतेच. दुकान बंद करताना दिवाणजी किंवा शिपाई बोर्डावरचे बटण बंद करून जातो. वीज वाचावी, शॉर्टसर्किट होऊ नये म्हणून लागलेली ती सवय आहे आणि तिला चूक म्हणता येत नाही. पण त्या बटणाबरोबर स्टँडबाय वीजही जाते. राउटर आणि स्विच त्याच बोर्डावर असतील तर संदेश यायची वाटही बंद होते. या तिघांसाठी वेगळा सॉकेट घ्यावा आणि त्यावर ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी चिकटवावी. सगळ्या उपायांत हाच स्वस्त, आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी.

दुसरे कारण वळवाच्या पावसातले. एप्रिल-मे महिन्यात तारेवर फांदी पडून तासभर वीज गेली की यूपीएसची बॅटरी संपते. वीज परत येते, पण जागे होण्याची सूचना कार्ड विसरलेले असते. अनेकदा संगणक एकदा चालू करून नीट शटडाऊन केल्याशिवाय कार्ड पुन्हा ऐकू लागत नाही. त्यासाठी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याचा पर्याय निवडावा.

बायोसमध्येच ‘ईआरपी’ किंवा ‘डीप स्लीप’ नावाची सेटिंग असते. युरोपीय संघाच्या नियमाने बंद उपकरणाचा वीजवापर २०१० पासून १ वॉट आणि २०१३ पासून अर्ध्या वॉटवर आणला, त्यातून ती आली. ती चालू असेल तर कार्डाची वीज तोडली जाते. ती बंद करावी आणि वेक-ऑन-लॅन किंवा ‘पीसीआय-ई’ने जागे करण्याचा पर्याय चालू करावा.

यानंतर पाळी विंडोजची. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून साधे शटडाऊन म्हणजे अर्धे हायबरनेशन (स्थिती डिस्कवर साठवून बंद होणे) असते. त्याला फास्ट स्टार्टअप म्हणतात. अशा शटडाऊननंतर विंडोज कार्डाला जागे राहायला सांगत नाही. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप काढावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबवरच्या खुणा आणि ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमधले ‘वेक ऑन मॅजिक पॅकेट’ व ‘शटडाऊन वेक-ऑन-लॅन’ हेही पाहावेत. मोठ्या अपडेटनंतर ड्रायव्हर बदलून या खुणा पुसल्या जातात. एवढे करूनही शटडाऊनमधून उठत नसेल तर हट्ट सोडून रोज हायबरनेट करावे. त्या अवस्थेतून उठण्याला विंडोजचा अधिकृत आधार आहे. लिनक्समध्ये इथटूल ही आज्ञा कार्डाची स्थिती दाखवते. ‘वेक-ऑन’पुढे ‘डी’ असेल तर सोय बंद, ‘जी’ असेल तर चालू. रीस्टार्टनंतर बऱ्याचदा ती पुन्हा ‘डी’वर जाते.

संदेश पोचतो का हे वेगळे तपासावे. संगणक चालू ठेवून त्यावर वायरशार्क हे आलेली पॅकेटे दाखवणारे सॉफ्टवेअर लावावे आणि दुसऱ्या यंत्रावरून पॅकेट सोडावे. पॅकेट दिसले तर नेटवर्क निर्दोष आहे. मग आधी स्लीपमधून, नंतर हायबरनेटमधून आणि शेवटी शटडाऊनमधून उठवून पाहावे. जिथे अडेल तिथेच दोष सापडतो.

बाहेरगावाहून उठवताना एक लक्षण हमखास दिसते. शटडाऊननंतर पाच मिनिटांत पॅकेट सोडले तर संगणक उठतो, दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र उठत नाही. कारण आयपी आणि मॅक पत्त्यांची जोडी राउटर थोडाच वेळ लक्षात ठेवतो. ती नोंद गेली की आलेले पॅकेट कुणाला द्यायचे हे त्याला समजत नाही. साऱ्या नेटवर्कला उद्देशून बाहेरून आलेले पॅकेटही राउटर सहसा आत सोडत नाही, १९९९ पासून तशीच शिफारस आहे. शिवाय राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात असेल तर तो अनेक ग्राहकांत वाटलेला असतो आणि पोर्ट उघडून काहीच साधत नाही. अशा ठिकाणी रास्पबेरी पायसारखे छोटे यंत्र दुकानात सतत चालू ठेवावे, व्हीपीएनने (इंटरनेटवरून दुकानाच्या नेटवर्कात शिरण्याच्या सुरक्षित वाटेने) त्यावर जावे आणि तिथून आतल्या आत पॅकेट सोडावे. त्याचा सॉकेटही चिठ्ठी लावलेलाच हवा.