छायाचित्र कोणत्या कपाटात ठेवायचे?

छायाचित्रावर लिहून काय साधते, चित्र स्वतःच बोलते की, हा आक्षेप जुना आहे आणि तो घेणाऱ्यांत छायाचित्रकारच अधिक आढळतात. छायाचित्र मात्र आपल्यापुढे एकटे क्वचितच येते. ते कुठल्यातरी पानावर, भिंतीवर किंवा कपाटात, कुठल्यातरी शब्दांच्या सोबतीने येते. छायाचित्रसमीक्षेतले जे लेखन आजही वाचावेसे वाटते, ते बहुतांशी या जागेविषयी आणि या शब्दांविषयी आहे.

सुरुवातीचे भांडण दालनावरूनच झाले. १८५९ मध्ये पॅरिसच्या वार्षिक कलाप्रदर्शनाच्या इमारतीत छायाचित्रांना जागा मिळाली, पण प्रवेशद्वार वेगळे ठेवण्यात आले. एका कवीला तेवढेही सहन झाले नाही. मुद्रण आणि लघुलेखन यांच्याप्रमाणे छायाचित्रणानेही विज्ञानाची व कलेची निमूट सेवा करावी, कल्पनेच्या प्रांतात शिरू नये, असे त्याने बजावले. त्याआधी दोनच वर्षे लंडनच्या एका त्रैमासिकात निनावी लिहिणाऱ्या लेखिकेने याहून शहाणपणाचे म्हणणे मांडले होते: छायाचित्र हे ना पत्र, ना निरोप, ना चित्र, माणसामाणसांतील संपर्काचे ते नवेच साधन आहे. पुढे १९३१ मध्ये जर्मनीतल्या एका साप्ताहिकात तीन हप्त्यांत छापलेल्या निबंधाने अखेरीस विचारले, की चित्राखालची ओळ हाच उद्या छायाचित्राचा महत्त्वाचा भाग ठरणार नाही काय?

या प्रश्नाला खरी धार आली ती १९७० च्या दशकात. संग्रहालये छायाचित्रे जोमाने विकत घेऊ लागली होती, जुन्या प्रतींना लिलावात भाव येऊ लागला होता. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या एका मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या लक्षात आले, की प्रवासवर्णने, युद्धवृत्तान्त, भूगर्भशास्त्र, प्राणिशास्त्र अशा नाना विभागांतल्या एकोणिसाव्या शतकातील पुस्तकांत अस्सल छायाचित्रे चिकटवलेली आहेत. १९७७ मध्ये त्यांची यादी प्रसिद्ध झाली आणि यथावकाश हे साहित्य मूळ विभागांतून काढून छायाचित्रांच्या नव्या विभागात आणण्याचे ठरले. ग्रंथालयाच्या बाजूने पाहिले तर यात वावगे काहीच नव्हते, कारण नाजूक प्रती एका छताखाली आल्या तर त्यांची निगा राखता येते आणि अभ्यासकाला त्या सापडतातही. १९८१ मध्ये एका समीक्षकाने मात्र त्यातला तोटा नेमका दाखवला: काल जे ‘जेरुसलेम’ या नोंदीखाली सापडत होते, ते उद्या छायाचित्रकाराच्या नावाखाली शोधावे लागेल.

हे उदाहरण जवळून पाहण्याजोगे आहे. १८५४ मध्ये एक फ्रेंच चित्रकार कागदी निगेटिव्हचा कॅमेरा घेऊन जेरुसलेमला गेला, तो एका पुरातत्त्वज्ञाच्या मताला पुरावा जमवायला. शहराच्या तटबंदीतले कोणते दगड किती प्राचीन, यावर तेव्हा वाद पेटला होता. त्याच्या चित्रांत भिंत चौकट भरून उरते, सांध्यांतल्या सावल्या दाट दिसतात. ज्यू इतिहासाच्या विभागात ती भिंत म्हणजे साक्ष होती. छायाचित्रांच्या विभागात आली, की तीच भिंत रचना, पोत आणि छायाचित्रकाराची ‘दृष्टी’ होते. प्रतीवरचा एक कणही बदललेला नाही, बदलले आहे ते सूचिपत्र. ग्रंथालयाने चूक केली असे म्हणता येणार नाही, पण समीक्षकाने बोट ठेवले नसते तर असा काही बदल झाला हेही कोणाच्या ध्यानात आले नसते.

१९८२ मध्ये याच मुद्द्याला एका समीक्षिकेने शब्दांच्या अंगाने हात घातला. तिने अमेरिकेच्या पश्चिमेकडील एका सरोवरातल्या खडकांचे दोन अवतार शेजारी ठेवले: १८६० च्या दशकातले सर्वेक्षणातील छायाचित्र आणि त्याचीच १८७८ च्या भूगर्भशास्त्रीय ग्रंथात छापलेली शिळामुद्रित नक्कल. छायाचित्रात क्षितिज विरून गेले आहे आणि खडक जणू अधांतरी आहेत; नक्कल करणाऱ्याने मात्र आकाशात ढग आणि पाण्यात प्रतिबिंबे घालून सगळे जमिनीवर आणले आहे. पहिले आज आधुनिक कलाकृती म्हणून वाखाणले जाते, तर दुसरे सामान्य ठरते. ते छायाचित्र काढणाऱ्यांच्या काळात त्याला ‘दृश्य’ म्हणत, आणि दृश्ये खणांच्या कपाटात भूगोलाप्रमाणे लावून ठेवत. ‘निसर्गचित्र’ हा भिंतीवर टांगण्याच्या वस्तूचा शब्द आहे. मराठीत आपण दोन्ही शब्द सैलपणे वापरतो, म्हणून हा भेद चटकन जाणवत नाही.

याच काळात छायाचित्रणावरील निबंध सर्वसामान्य वाचकांपर्यंतही पोहोचला. १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लेखिकेचे सहा निबंध पुस्तकरूपाने आले आणि त्यात एकही छायाचित्र नव्हते. यातनांची चित्रे पाहून पाहून मन बधिर होते, हे त्यातले आपलेच मत तिने २००३ मध्ये पुन्हा तपासायला घेतले. १९८० च्या एका फ्रेंच पुस्तकात लेखक आपल्या आईच्या बालपणीच्या, १८९८ मधल्या एका छायाचित्राभोवती अर्धे पुस्तक फिरतो, पण ते वाचकाला दाखवत नाही. इतरांसाठी ते शेकडो चित्रांतले एक ठरेल, असे त्याचे कारण होते.

पुढे पडदे आले, प्रतिमा अगणित झाल्या आणि वाद फेरफारीकडे वळला. तरी २०१५ मध्ये वृत्तछायाचित्रांच्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेने बेल्जियममधील एका शहरावरील चित्रमालिकेचा पुरस्कार मागे घेतला, तेव्हा मुख्य दोष चित्राखालच्या ओळीत निघाला, कारण एक चित्र त्या शहरात नव्हे, तर ब्रुसेल्स परिसरात काढलेले होते. २०२३ मध्ये दुसऱ्या एका स्पर्धेत निवडल्या गेलेल्या प्रतिमेच्या कर्त्याने मंचावर जाऊन पुरस्कार नाकारला. ही प्रतिमा कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेली आहे आणि अशा प्रतिमांनी छायाचित्रांशी एकाच स्पर्धेत उतरू नये, असे त्याचे म्हणणे होते. वेगळ्या दालनाची ही मागणी या वेळी एका छायाचित्रकाराचीच होती.