ड्रायव्हर लिहिणाऱ्याला माहिती मिळते कुठून?

ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमला एखादं उपकरण चालवता यावं म्हणून लिहिलेला कोड. तो लिहायला बसलेल्या माणसाला दोन बाजूंची माहिती लागते. एक हार्डवेअरची, म्हणजे उपकरणातल्या कुठल्या रजिस्टरमधला (छोट्या साठवण-जागेतला) कुठला बिट काय करतो. दुसरी कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याची: त्यातलं कुठलं फंक्शन कशासाठी आहे. या दोन्ही गोष्टी शोधल्या की बहुतेक वेळा सापडतात. घोडं अडतं ते तिसऱ्याच ठिकाणी. हे फंक्शन इंटरप्ट हँडलरमधून, म्हणजे उपकरणाने इशारा दिल्यावर हातातलं काम थांबवून चालणाऱ्या कोडमधून, बोलावलं तर चालेल का? बोलावण्याआधी लॉक (एका वेळी एकालाच डेटाला हात लावू देणारी कडी) घेतलेला हवा की नको? ही मेमरी शेवटी मोकळी कोणी करायची? २००१ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लिनक्स कर्नल तपासला, तेव्हा काही प्रकारच्या चुकांचं प्रमाण ड्रायव्हरच्या कोडमध्ये उरलेल्या कर्नलच्या तीन ते सात पट निघालं. या अटी लिहून न ठेवण्याचा त्यात मोठा वाटा असावा, असं मला वाटतं. म्हणून ड्रायव्हर डॉक्युमेंटेशनचा इतिहास याच प्रश्नांच्या अंगाने बघायला हवा.

सुरुवातीला परिस्थिती बरी होती. १९७० च्या दशकात पीडीपी-११ या संगणकासोबत येणाऱ्या पुस्तिकांमध्ये प्रत्येक उपकरणाची रजिस्टरं बिट-बिट करून दिलेली असत. कन्सोलच्या कीबोर्डचं स्टेटस रजिस्टर १७७५६० या ऑक्टल पत्त्यावर. त्यातला सातवा बिट १ झाला की अक्षर आलं. सहावा बिट आपण १ केला की अक्षर आल्यावर इंटरप्ट मिळणार. कीबोर्डचा साधा ड्रायव्हर लिहायला एवढं जवळपास पुरत असे, कारण पलीकडचा कर्नल एका माणसाला अख्खा वाचता येईल इतका लहान होता.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या पहिल्या मॅन्युअलवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. त्याचा चौथा विभाग उपकरणांच्या खास फाइलींचा होता आणि पानांवर ‘बग्ज’ असं मथळ्यासकट दोष मांडलेले असत. पण ही पानं उपकरण वापरणाऱ्यासाठी होती. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने सोर्स कोड वाचावा, असं गृहीतच होतं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या जॉन लायन्स यांनी १९७६-७७ च्या सुमारास सहाव्या आवृत्तीचा कोड आणि त्यावरचं भाष्य विद्यार्थ्यांसाठी छापलं. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने वर्गात सोर्स शिकवण्यावर बंदी आली, आणि ते भाष्य पुढे कित्येक वर्षं झेरॉक्सच्या झेरॉक्स होत हातोहात फिरलं. अधिकृतपणे छापून यायला १९९६ उजाडलं. कर्नल आतून समजावून सांगणाऱ्या मजकुराची भूक किती होती, ते यावरून कळतं.

जिथे सोर्स वाचायला मिळत नाही, तिथे सगळी भिस्त लेखी मजकुरावर. मायक्रोसॉफ्टच्या ड्रायव्हर किटमध्ये हेच झालं, आणि त्यातून एक फार चांगली सवय रुजली. प्रत्येक फंक्शनच्या पानावर ते कुठल्या आयआरक्यूएल पातळीपर्यंत (म्हणजे इंटरप्टच्या कुठल्या अग्रक्रमापर्यंत) बोलावता येतं, याची वेगळी ओळ असते. वरच्या प्रश्नांपैकी पहिल्याचं उत्तर एका ओळीत. पुढे हीच अट कोडमध्ये खुणेच्या स्वरूपात लिहिता येऊ लागली आणि चाचणीची साधनं ती तपासू लागली. तरी विंडोज ९८ आणि २००० सोबत आलेल्या डब्ल्यूडीएम या ड्रायव्हर मॉडेलमध्ये प्लग अँड प्ले आणि पॉवर मॅनेजमेंट यांचं एकत्र गणित इतकं गुंतागुंतीचं होतं, की पानांवर पानं लिहूनही ते सुटेना. अखेर २००५-०६ च्या सुमारास आलेल्या केएमडीएफ या फ्रेमवर्कने ते काम स्वतःकडे घेतलं. समजावून सांगणं अशक्य झालं की इंटरफेसच बदलायचा, हा डॉक्युमेंटेशनमधूनच मिळालेला धडा होता.

लिनक्सची गोष्ट वेगळी. सोर्स सगळ्यांना खुला, पण कर्नलच्या आतला इंटरफेस स्थिर ठेवायचा नाही, असं धोरण. कर्नल सांभाळणाऱ्यांपैकी एक, ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ते का, हे कर्नलच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये सविस्तर लिहून ठेवलंय, आणि तांत्रिकदृष्ट्या ते पटतं. किंमत मोजली ती पुस्तकांनी. आलेस्सांद्रो रुबिनी यांचं लिनक्स ड्रायव्हरवरचं पुस्तक १९९८ मध्ये आलं. जोनाथन कॉर्बेट आणि क्रोआ-हार्टमन यांच्यासह केलेली तिसरी आवृत्ती २००५ ची, कर्नल २.६.१० साठी. त्यातल्या इंटरप्ट हँडलरला तीन पॅरामीटर आहेत. पुढच्याच वर्षी २.६.१९ मध्ये तिसरा पॅरामीटर काढून टाकला गेला. उदाहरणं जशीच्या तशी उतरवून घेणाऱ्याची पहिली गाठ कंपायलरच्या तक्रारींशीच. चौथी आवृत्ती आलीच नाही, तरी नवखे लोक अजून तिसरीच उघडतात, कारण सुरुवातीपासून शेवटपर्यंत हात धरून नेणारं दुसरं फारसं काही नाही.

मग मजकूर कोडच्या शेजारीच ठेवायचा, हा मार्ग उरतो. कर्नल-डॉक ही पद्धत तीच: फंक्शनच्या डोक्यावर ठरावीक साच्यातली कॉमेंट, त्यातून पानं तयार होतात. ही कॉमेंट नीट लिहिली तर काय साधतं, ते इंटरप्ट नोंदवणाऱ्या फंक्शनच्या बाबतीत बघण्यासारखं आहे. हे फंक्शन बोलावल्या क्षणापासून तुमचा हँडलर कधीही चालू शकतो, म्हणून हार्डवेअर आणि हँडलर यांची तयारी योग्य क्रमाने करा, असं तिथे बजावलेलं आहे. फंक्शनच्या नावावरून किंवा पॅरामीटरवरून हे कधीच कळलं नसतं. आणि हे माहीत नसलेला ड्रायव्हर चाचणीत व्यवस्थित चालतो, नंतर एखाद्या मशीनवर बूट होताना कोसळतो.

२०१६ मध्ये ४.८ या कर्नलपासून ही पानं तयार करणारी जुनी डॉकबुकची व्यवस्था मागे पडून स्फिंक्स हे साधन आलं. फॉरमॅट बदलल्याने मजकूर सुधारत नाही, हे खरंच. पण त्या निमित्ताने विखुरलेल्या टेक्स्ट फाइली वाचणाऱ्याच्या गरजेनुसार लावायला सुरुवात झाली. सिस्टीम सांभाळणाऱ्यासाठी एक विभाग, ड्रायव्हर लिहिणाऱ्यासाठी दुसरा. त्याआधी फाइल कुठे ठेवायची, हे बरंचसं लिहिणाऱ्याच्या सोयीवर चालायचं.

माझ्या मते त्याहून मोठी झेप घेतली ती मशीनला तपासता येणाऱ्या अटींनी. इंगो मोलनार यांचं लॉकडेप हे लॉकचा वापर तपासणारं साधन २००६ मध्ये कर्नलमध्ये आलं. आता ‘इथे हा लॉक घेतलेला असलाच पाहिजे’ ही अट कोडच्या एका ओळीत लिहिता येते, आणि लॉकडेप सुरू असताना ती मोडली की कर्नल स्वतः ओरडतो. अशी ओळ शिळी होत नाही. डिव्हाइस ट्रीच्या, म्हणजे बोर्डावर कुठलं हार्डवेअर आहे हे कर्नलला सांगणाऱ्या फाइलींच्या, वर्णनांचंही तसंच. ती पूर्वी साध्या मजकुरात असत. २०१८-१९ पासून ती वायएएमएल या मशीनला वाचता येणाऱ्या साच्यात आणली जाऊ लागली, आणि बोर्डाची फाइल वर्णनाशी जुळत नसेल तर साधन ते लगेच दाखवतं.

हार्डवेअरच्या बाजूने मात्र गाडी उलटी गेली होती. पीडीपीच्या काळात पुस्तिकेत मिळणारी माहिती अनेक चिप कंपन्या गोपनीयतेच्या कराराआड ठेवू लागल्या. ओपनबीएसडी या खुल्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या थिओ डी राट यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं कंपन्यांशी भांडण काढलं. २००४ साठीचा फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा पुरस्कारही त्यांना मिळाला. २००७ मध्ये एएमडीने आपल्या ग्राफिक्स चिपची रजिस्टर माहिती खुली करायला सुरुवात केली. अशी उदाहरणं वाढली, पण सरसकट नाही. ज्याच्याकडे माहितीच नाही, त्याच्या ड्रायव्हरमध्ये नाव नसलेले आकडे नाव नसलेल्या पत्त्यांवर लिहिलेले दिसतात, आणि त्यांच्यावर कोणी कॉमेंट तरी काय लिहिणार?

डिसेंबर २०२२ च्या ६.१ मध्ये रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेचा पाया लिनक्स कर्नलमध्ये आला. रस्टमध्ये असुरक्षित, म्हणजे कंपायलरला ज्याची खात्री देता येत नाही असं, फंक्शन लिहिणाऱ्याने बोलावणाऱ्याकडून काय अपेक्षित आहे ते मांडायचं, आणि बोलावणाऱ्याने ती अपेक्षा कशी पूर्ण होते ते तिथेच लिहायचं, असा कर्नलमधला दंडक आहे. सी मधल्या जुन्या फंक्शनवर रस्टचं आवरण चढवायचं तर त्याच्या न लिहिलेल्या अटी आधी शोधून काढाव्या लागतात. हे काम किचकट आहे, पण त्यातून सी च्या बाजूचीही मोकळी जागा भरून निघेल.

पॅच (कोडमधला बदल) पाठवण्यापूर्वी काय तपासायचं याच्या कर्नलच्या यादीत, कर्नलभर वापरल्या जाणाऱ्या फंक्शनांना कर्नल-डॉक हवं असं म्हटलंय, आणि मेमरी बॅरियर (मेमरीतल्या वाचण्या-लिहिण्याचा क्रम पक्का करणारी सूचना) असेल तर तो का आहे हे कॉमेंटमध्ये लिहायलाच हवं, असंही. फंक्शन झोपू शकतं का (म्हणजे मध्येच वाट बघत थांबू शकतं का; तसं फंक्शन इंटरप्ट हँडलरमध्ये चालत नाही), लॉक कुठला हवा आणि मेमरी कोणाची, या तीन गोष्टींबद्दलही मेंटेनरांनी, म्हणजे कोडचे भाग सांभाळणाऱ्यांनी, तेवढाच आग्रह धरायला हवा, आणि इंटरफेस बदलणाऱ्या पॅचमध्येच ती कॉमेंटही बदललेली मागायला हवी.