पहारा उठवू नका, नोंद वाचा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्याचा लिनक्स सर्व्हर डोळ्यांसमोर आणा. नव्या डिझाइनच्या फोटोंचं फोल्डर कुणीतरी स्वतःच्या होम डिरेक्टरीतून 'एमव्ही' करून वेबसाइटच्या जागी हलवलं. परवानग्या ठीक, वेब सर्व्हर चालू, तरी ब्राउझरमध्ये ४०३, म्हणजे 'बघायला मनाई'. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'सेटएन्फोर्स ०' मारा. फोटो लगेच दिसतात, पण त्याच क्षणी सगळ्या मशीनवर एसईलिनक्स या लिनक्समधल्या पहारेकऱ्याची अडवणूक संपते आणि उरते ती नुसती नोंद.

अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेनं २००० साली एसईलिनक्स खुलं केलं. २००३ मध्ये ते लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, २.६ मालिकेत आलं आणि आज तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही तेच राबतंय. नेहमीच्या परवानग्या फाइल कुणाच्या मालकीची आणि कुणाला काय मुभा आहे एवढंच बघतात. इथे मात्र प्रत्येक प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रामला, आणि प्रत्येक फाइलला लेबल असतं. अमुक लेबलच्या प्रोसेसनं तमुक लेबलची फाइल वाचावी असं पॉलिसीत, म्हणजे एसईलिनक्सच्या नियमावलीत, लिहिलेलं नसेल, तर नकार. मग ती प्रोसेस रूटच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या युजरच्या, नावानं का चालेना! वेब सर्व्हर हॅक झाला तरी कामगारांच्या पगारपत्रकापर्यंत हात पोचू नये, ही सोय त्यातूनच होते.

ही पॉलिसी शेकडो मॉड्यूल मिळून बनते आणि ती हाताळणारी कमांड आहे 'सेमोड्यूल'. 'एल' दिलं की यादी, 'आय' दिलं की नवं मॉड्यूल बसतं, 'आर'नं निघतं, 'डी'नं न काढता बंद होतं, 'ई'नं पुन्हा सुरू. मला यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते ती प्राधान्यक्रमाची. रेड हॅट, फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांमध्ये कंपनीची मॉड्यूल १०० वर असतात आणि तुम्ही घातलेलं आपोआप ४०० वर जातं. एकाच नावाची दोन असली तर वरचं लागू होतं. तुमचं काढलंत की मूळचं जसंच्या तसं पुन्हा चालू.

आता त्या ४०३ कडे. ऑडिट लॉगमध्ये, म्हणजे एसईलिनक्सचे नकार टिपणाऱ्या नोंदीत, नकाराची ओळ सापडते: मागणाऱ्या वेब सर्व्हरचं लेबल 'एचटीटीपीडी_टी', फाइलवरचं लेबल 'युजर_होम_टी'. 'एमव्ही'नं फाइल जुनं लेबल घेऊनच आली. 'सीपी' करून नक्कल केली असती तर नव्या जागेचं लागलं असतं. हीच ओळ नकारांवरून परवानगीचे नियम बनवणाऱ्या 'ऑडिट२अलाउ'ला दिली तर तो मुकाट्यानं मॉड्यूल बनवून देईल. ते बसवायच्या आधी त्याची नियम लिहिलेली '.टीई' फाइल उघडून वाचाच. त्यातला नियम फक्त या फोटोंना वाट देत नाही, होम डिरेक्टऱ्यांमधल्या त्या लेबलच्या सगळ्या फाइलींना देतो! इथे मॉड्यूलची गरजच नाही. फोल्डरवर 'रिस्टोअरकॉन' हायफन आर चालवलं की लेबल दुरुस्त होतं.

खरं मॉड्यूल लागतं ते स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामला, ज्याची पॉलिसीत कुठेच दखल नसते. तेव्हासुद्धा चाचणीपुरती सूट द्यायची तर 'सेमॅनेज परमिसिव्ह' वापरून त्या एकाच डोमेनला, म्हणजे त्या प्रोग्रामच्या लेबलला, द्या. बाकीच्या मशीनला हात लावू नका. नकार येतोय पण लॉगमध्ये काहीच दिसत नसेल, तर 'सेमोड्यूल'ला मोठ्या लिपीतले डी आणि बी एकत्र द्या. काही नकार पॉलिसीच लपवून ठेवते, तेही मग दिसू लागतात. काम झालं की नुसता मोठा बी देऊन पॉलिसी पूर्ववत करा, नाहीतर लॉग भरभरून वाहत राहील.