नेझी धारावीचा नाही, आणि त्याला पिक्चरने घडवलेलं पण नाही

२०१९ मध्ये गली बॉय हा नेझी आणि डिव्हाईन या मुंबईच्या रॅपर्सवरून सुचलेला हिंदी पिक्चर आला तेव्हापासून हे ऐकतोय, की नेझी म्हणजे धारावीचा पोरगा आणि पिक्चरमुळे तो रॅपर म्हणून वर आला. दोन्ही चूक आहे.

नेझी म्हणजे नावेद शेख, कुर्ला पश्चिमचा. तिथला पिनकोड ४०००७०, म्हणून तो स्वतःला बॉम्बे ७० चा म्हणवतो. पिक्चरचा हिरो धारावीत राहतो म्हणून लोकांनी यालाही तिथेच नेऊन बसवलं, पण कुर्ला वेगळं, धारावी वेगळी ना राव! आणि धारावीचे स्वतःचे रॅपर आहेतच की, सेव्हन बंटाईज, एमसी अल्ताफ, त्यांचं श्रेय पण यात उगाच झाकलं जातं.

आता मुख्य गोष्ट. त्याचं 'आफत' हे गाणं आलं जानेवारी २०१४ ला, म्हणजे पिक्चरच्या पाच वर्षं आधी. स्टुडिओ नाही, कंपनी नाही, हातात फक्त एक आयपॅड, बीट, म्हणजे गाण्यामागचं संगीत, नेटवरून डाउनलोड केलेला, त्याच आयपॅडवर आवाज रेकॉर्ड केला आणि व्हिडिओ पण त्यावरच शूट केला, आपल्याच एरियात. मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं. मग २०१५ ला डिव्हाईनसोबत 'मेरे गली में', आणि डिव्हाईन पण धारावीचा नाही बरं का, तो अंधेरी पूर्वच्या जेबी नगरचा. पिक्चरने हे गाणं नंतर घेतलं, त्यात हिरो रणवीर सिंगचा आवाज टाकला. गाणं आधीच गाजलेलं होतं.