मगाचा कान युरोपातून आला नाही

प्वेब्लो या अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांच्या नक्षीचे कॉफी मग पाहिले की अनेकजण सांगतात, नक्षी त्यांची, पण कानाचा मग युरोपियनांनी शिकवला. हे साफ चुकीचं आहे. अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या मेसा व्हर्दे इथे प्वेब्लोंच्या पूर्वजांनी तेराव्या शतकातच कान असलेले मग घडवले होते. स्पॅनिश फौज प्वेब्लो मुलखात पोचली १५४० मध्ये. त्या जुन्या मगांचा तळ सपाट, भिंती वर किंचित निमुळत्या, पांढऱ्या लेपावर काळे त्रिकोण आणि पायऱ्यांची नक्षी. हा काळा रंगही बहुधा रानझाडं उकळून केलेला. तिथल्या कड्याच्या कपारीतल्या एका वस्तीला तर ‘मग हाउस’च म्हणतात, कारण कानांतून दोरी ओवून एकत्र बांधलेले मग तिथे सापडले. नक्षीइतकंच घाटाचं श्रेयही त्यांना द्यायलाच हवं.