डोळ्यातील रक्तडाग

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर अचानक उमटणारा, स्पष्ट कडा असलेला लालभडक डाग. शास्त्रीय नाव नेत्रश्लेष्मलेखालील रक्तस्राव. श्वेतपटलावर, म्हणजे या पांढऱ्या भागावर, नेत्रश्लेष्मला हा पातळ पारदर्शक पापुद्रा असतो. त्यातली बारीक रक्तवाहिनी फुटली की थेंबभर रक्त त्याखाली पसरते. पापुद्र्यातून हवेतला ऑक्सिजन झिरपत असल्याने ते मुक्या मारासारखे काळेनिळे न पडता लालच राहते. दुखत नाही, नजरही कमी होत नाही. त्यामुळे बहुतेकांना ते आरशात तरी दिसते, नाहीतर समोरच्याकडून कळते. नागपुरात तो ‘काय बे, डोयाले काय झालं?’ असे विचारतो.

जोराची शिंक, खोकल्याची उबळ, उलटी, शौचाला कुंथणे, डोळा चोळणे ही नेहमीची कारणे. कळमन्याच्या बाजारात पोते पाठीवर घेताना दम रोखणाऱ्या हमालालाही असा डाग पडू शकतो. उतारवयात रक्तदाब, मधुमेह आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांचा संबंध असतो. अनेकदा कारण सापडतच नाही.

पावसाळ्यात शहरात डोळे येण्याची साथ पसरली की गफलत होते. डोळे आले असतील तर चिपडे येतात, पाणी गळते, खुपते. नुसता रक्तडाग संसर्गजन्य नसतो. मात्र एन्टेरोव्हायरस ७० आणि कॉक्सॅकी ए२४ या विषाणूंच्या साथीत दोन्ही एकत्र दिसतात. तेव्हा टॉवेल, रुमाल वेगळे ठेवावेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवणुकीतल्या मारबतीच्या पुतळ्याला ‘रोगराई घेऊन जा’ म्हणायचे आणि घरी एकाच टॉवेलने सगळ्यांनी तोंड पुसायचे, हे काही जमत नाही.

डागाला औषध लागत नाही. एक ते दोन आठवड्यांत तो पिवळसर होत विरतो. मोठा असल्यास तीन आठवडेही लागतात. पहिल्या एक-दोन दिवसांत तो थोडा पसरतो, त्याने घाबरू नये. खुपत असल्यास कृत्रिम अश्रूंचे थेंब पुरतात. मध, गुलाबपाणी, कांद्याचा रस डोळ्यात घालू नये. औषधाच्या दुकानातून मागून आणलेले स्टेरॉइडचे थेंब तर नकोच. ते काचबिंदू वाढवू शकतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करणे डागापेक्षा फार धोक्याचे.

खरी भीती दुसऱ्याच लालीची. बुबुळाभोवती लालसर कडे, ठणका, उजेड सहन न होणे, अंधुक दिसणे ही लक्षणे असतील तर त्याच दिवशी मेडिकल, मेयो ही नागपूरची सरकारी रुग्णालये किंवा जवळचा नेत्रतज्ज्ञ गाठावा. मार लागल्यावर पडलेला डाग, वारंवार येणारा डाग, सोबत हिरड्यांतून रक्त किंवा अंगावर चट्टे असल्यासही तपासणी हवी. एरवी एकदा रक्तदाब मोजून घेतला तरी पुष्कळ. तो वाढला असल्याचे काहींना या डागामुळेच पहिल्यांदा कळते.